आपला माणूस आणि ढिला नट

मागच्या पावसाळ्यात भोकरहून नांदेडला परत येताना माझ्या मोटारसायकलचं मागचं चाक चालत्या गाडीत जाम झालं. वेग फार नव्हता. एका गावाच्या फाट्यावर शेळी आडवी आली म्हणून मी मागचा ब्रेक दाबला. खालून काहीतरी उखडल्यासारखा आवाज आला, चाक जागच्या जागी थांबलं आणि गाडी आडवी होऊन घसरत गेली. माझं खरचटण्यावर निभावलं. माझ्या मागे आमच्या संस्थेत काम करणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. त्या उजव्या हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

ताई दिवसा आमच्याबरोबर बचत गटांचं काम करतात आणि संध्याकाळी घरी शिलाई मशीन चालवतात. त्यांच्या घराचं भाडं त्या मशीनवर निघतं. सहा आठवडे मशीन बंद म्हणजे काय, हे आपल्यापैकी कुणाला वेगळं सांगायची गरज नाही.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्याने गाडी उभी केली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, "इथं कॉटर पिनच नाही ओ. नट पडलाय."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मागच्या चाकाचा ड्रम ब्रेक ज्या झाकणात बसवलेला असतो, त्या झाकणाला गाडीच्या मागच्या फोर्कशी जखडून ठेवणारी एक लोखंडी पट्टी असते. ब्रेक दाबला की ते झाकण चाकाबरोबर फिरायला बघतं. ही पट्टी त्याला फिरू देत नाही. पट्टीच्या नटमध्ये एक बारीक पिन घालून तिची टोकं वाकवलेली असतात, म्हणजे हादऱ्यांनी नट सैल झाला तरी पूर्ण निघून पडत नाही. काही रुपयांची वस्तू आहे ती. माझ्या गाडीत ती घातलीच नव्हती. नट ढिला होत होत पडला, पट्टी सुटली, ब्रेक दाबताच झाकण फिरलं, ब्रेकचा रॉड आणखी ताणला गेला आणि चाक जाम झालं.

चार दिवस आधीच मी गाडीचा चेन सेट आणि मागचे लायनर बदलून घेतले होते. त्यासाठी मागचं चाक काढावं लागतं, ही पट्टीही सोडावी लागते. म्हणजे पिन कुणी आणि कधी काढली, याबद्दल शंका उरत नव्हती.

तरीही मी आठ दिवस गप्प बसलो. विचारणाऱ्याला सांगत राहिलो, शेळी आडवी आली, ब्रेक जोरात लागला, माझंच चुकलं. कारण गॅरेजवाला आपला आहे. आमच्याच वस्तीतला, माझ्याच वयाचा. गॅरेजमध्ये बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो आहे. भीमजयंतीला वर्गणी द्यायला तो कधी मागे राहत नाही. आमची पोरं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गाड्या घेऊन निघतात, तेव्हा त्यांच्या गाड्या तो फुकट तपासून देतो. दहा वर्षांपूर्वी मुख्य रस्त्यावर गाळा मिळेना, आडनाव ऐकून दोन मालक फिरले, तेव्हा वस्तीच्या तोंडाशी पत्रे ठोकून त्याने हे गॅरेज उभं केलं. "आपल्या माणसाला काम द्या" असं सभेत सांगणाऱ्यांमध्ये मी होतो. अशा माणसाच्या कामात खोट आहे हे मी कसं बोलू?

ताईंना खरी गोष्ट पंक्चरवाल्याच्या बोलण्यावरून त्याच दिवशी कळली होती. त्या आठ दिवस माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "सर, तो आपला हाय म्हणून तुमी गप हायत. मग मी कोन हाय?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी लिहितोय. गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

मी गप्प का बसलो याचं दुसरंही एक कारण होतं आणि ते मला मोकळेपणाने मांडायचं आहे. माझ्या एका सवर्ण मित्राला अपघाताची खरी हकिकत कळली तेव्हा तो सहज म्हणाला, "ज्याचं त्याला काम द्यावं." एवढंच. पुढे काही बोलला नाही, पण पुढचं वाक्य आपण सगळे आयुष्यभर ऐकत आलोय. राखीव जागेवर आलेला डॉक्टर, राखीव जागेवर आलेला इंजिनियर, पूल पडला तर आरक्षण, ऑपरेशन बिघडलं तर आरक्षण. आता गॅरेजलाही तेच. आपल्या एका माणसाची चूक आपण कबूल केली तर ती सगळ्या समाजाच्या लायकीचा दाखला म्हणून वापरली जाईल, ही भीती आपल्या मनात खोल बसलेली आहे. ती भीती खोटी नाही. पण तिच्यापायी आपण चुकांवर पांघरूण घालू लागलो की त्या पांघरुणाखाली ताईंसारखं कुणीतरी गुदमरतं.

आणि त्या मित्राला मी जे उत्तर द्यायला हवं होतं ते आता देतो. दोन वर्षांपूर्वी मी हीच गाडी शहरातल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. तिथे एसीत बसायला खुर्च्या होत्या, चहा मिळाला, छापील बिल मिळालं. बिलात 'ब्रेक साफसफाई' आणि 'चेन साफ करून ऑइलिंग' असे पैसे लावले होते. घरी येऊन बघितलं तर चेनवर जुना चिखल वाळून बसलेला होता. ब्रेक करकरत होता म्हणून पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे चाक उघडलं, तर ड्रममध्ये लायनरची काळी धूळ तशीच. शिवाय इंजिन ऑइल काढायचा बोल्ट इतका आवळला होता की पुढच्या वेळी तो सोडताना इंजिनच्या ॲल्युमिनियमचे आटे गेले. त्या सेंटरमधल्या मेकॅनिकची जात कुणी विचारली का? नाही. तिथे जे झालं त्याला लोक 'सर्व्हिस खराब' म्हणतात. वस्तीतल्या गॅरेजात तेच झालं की त्याला जात चिकटवतात. चूक दोन्हीकडे होते. एकाची चूक त्याची एकट्याची राहते, दुसऱ्याची चूक त्याच्या अख्ख्या समाजाच्या नावावर चढते. गुणवत्तेच्या गप्पांमागचं गणित असं आहे.

पण मित्राला उत्तर दिलं म्हणून ताईंना उत्तर मिळत नाही. म्हणून दहाव्या दिवशी मी आणि ताई दोघं गॅरेजवर गेलो. मुद्दाम दुपारी गेलो, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा. चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा नव्हता. मी वाकलेली पट्टी आणि तुटलेला रॉड त्याच्यासमोर ठेवला. ताईंनी प्लास्टरचा हात ठेवला.

तो बराच वेळ पट्टी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, पिन मी काढली होती. जुनी वाकून वाकून तुटायला आली होती, नवी आणायला पोराला पाठवणार होतो. तेवढ्यात लाइट गेली. तीन गाड्या खोलून पडल्या होत्या. तुमचा तिसऱ्यांदा फोन आला, झाली का म्हणून. पोराने चाक चढवलं, मी वरून नट आवळला आणि गाडी दिली. पिन डोक्यातून गेली."

थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "खरं सांगू का? पिन नसली तर एवढं होतं हे मला माहीत नव्हतं. नट चांगला आवळला की झालं, असंच मला वाटायचं."

वीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा माणूस हे सांगत होता. मला आधी राग आला. मग मी त्याला विचारलं, काम शिकलास कुठे? तेव्हा जे कळलं ते इतकी वर्षं शेजारी राहूनही मला माहीत नव्हतं.

वडील गेले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आईने बसस्टँडजवळच्या एका गॅरेजात आणून सोडला. पहिली दोन वर्षं पगार नाही, दुपारी वडापाव आणि "शिकतोयस ना" एवढंच. पाने पुसायचे, नट रॉकेलमध्ये धुवायचे, चहा आणायचा. नाव छोटू. आज चौदा वर्षांखालच्या मुलाला असं कामाला ठेवणं गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर शाळेची वेळ सोडून घरच्या कामात हातभार आणि मुलांचं कलाकाराचं काम एवढेच अपवाद उरलेत. पण कायदा असला तरी छोटू संपलेले नाहीत, हे आपल्याला दिसतंच. तर त्या गॅरेजात तो बघून बघून शिकला. कोणता नट कोणत्या पान्याने सोडायचा, कार्बोरेटर कसा खोलायचा, टॅपेट कानाने कसे जुळवायचे, हे सगळं हाताला आलं. पण 'हे असं का?' असं विचारलं की उस्ताद पाना फेकून मारायचा. उस्तादालाही कदाचित कुणी सांगितलं नसेल. कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात प्रत्येक नट किती जोराने आवळायचा याचा आकडा असतो, कोणती पिन एकदाच वापरायची हे लिहिलेलं असतं. ते पुस्तक अधिकृत डीलरकडे जातं, बहुतेक इंग्रजीत. पत्र्याच्या गॅरेजपर्यंत ते पोचत नाही. त्याला 'कसं' शिकवलं गेलं, 'का' शिकवलं गेलं नाही.

मित्रांनो, 'का' विचारण्याची बंदी आपल्या ओळखीची आहे. हात एका माणसाचे, डोकं दुसऱ्याचं, आणि हाताने डोक्याच्या कामात तोंड घालायचं नाही, ही आपल्या समाजाची फार जुनी रीत आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि न झालेल्या भाषणात, म्हणजे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, जातीच्या समर्थकांचा अर्थशास्त्राचा दावा खोडून काढला. जात म्हणजे कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वरखाली रचलेली वाटणी आहे, हा त्यातला मुद्दा आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्याच्याच पुढचा मुद्दा आपण कमी सांगतो. माणसाचा कल आणि कुवत न बघता जन्माने, हीन म्हणून लादलेल्या कामात त्याचं मन गुंतत नाही, बुद्धी गुंतत नाही, तो त्या कामापासून सुटायला बघतो. म्हणून ही व्यवस्था माणुसकी म्हणून तर वाईट आहेच, उत्पादन म्हणूनही तोट्याची आहे. खराब कामाचं इतकं नेमकं निदान मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

एम.ए. करताना मी रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचं 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स' हे १९७४ चं पुस्तक वाचलं होतं. त्यात असाच एक प्रसंग आहे. निवेदक गाडी गॅरेजला देतो, तिथले मेकॅनिक रेडिओ लावून, हसत-खिदळत काम करतात आणि गाडी आणखी बिघडवून देतात. मूळ दोष शेवटी एका बारीक पिनेत निघतो. त्याला पडलेला प्रश्न असा की ही माणसं इतकी बेफिकीर का? त्यांचं मन कामात का नाही? ते स्वतःच्याच कामाकडे प्रेक्षकासारखे का बघतात? प्रश्न बरोबर आहे. पण वस्तीतल्या गॅरेजपुढे तो प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही. आपल्याकडे आधी हे विचारावं लागतं की या माणसाला स्वतःचं मन कामात घालायची परवानगी कधी होती का? आणि त्याने घातलं तर त्याची किंमत कुणी दिली का?

किमतीची गोष्ट निघाली आहे तर माझाही हिशेब मांडतो. चेन सेटच्या डब्यावर छापलेली किंमत मी न बोलता दिली. लायनरच्या पाकिटावरची किंमत न बोलता दिली. ते पैसे कंपनीचे. मजुरी त्याने ४०० सांगितली. मी ३०० टेकवले आणि म्हणालो, "राहू दे रे, आपलाच आहेस ना." कंपनीच्या छापील किमतीत आपण घासाघीस करत नाही. जिथे माणसाचे हात लागतात तिथेच आपली जीभ सुटते. काम दिवसभराचं होतं आणि मी तीनदा फोन करून ते अर्ध्या दिवसात करून घेतलं. गाडी घेताना एक चक्कर मारून बघितली नाही. त्या न घातलेल्या पिनेत माझे ते १०० रुपयेही होते.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी माझ्या लक्षात आली आणि तिची मला जास्त लाज वाटली. तो मला 'सर' म्हणतो, 'तुम्ही' म्हणतो. मी त्याला 'अरे-तुरे' करतो. एकाच वस्तीत वाढलो, एकाच विहारात वंदना घेतो, वयात सहा महिन्यांचं अंतर. फरक काय? माझ्याकडे समाजशास्त्राची पदवी आहे आणि त्याचे हात काळे आहेत. प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली एका गाजलेल्या लेखात दाखवून दिलं की भारतातल्या समाजविज्ञानात सिद्धांत मांडायचा मान काहींनी स्वतःकडे ठेवला आणि दलितांकडून फक्त अनुभवाचा कच्चा माल घेतला. तो लेख मी परीक्षेत लिहून चांगले गुण मिळवले होते. आणि वस्तीत येऊन मी स्वतः तेच करत होतो. डोकं माझं, हात त्याचे.

आपल्या आज्यापणज्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, गावकीची लादलेली कामं सोडली. ते बंड होतं आणि त्या बंडामुळेच मी आज हे लिहितोय. पण लादलेलं काम नाकारणं वेगळं आणि हाताच्या कौशल्याला कमी लेखणं वेगळं. शिकलेल्या पिढीत या दोहोंची गल्लत झाली आहे. 'शिकला नाहीस तर गॅरेजात पाने पुसशील' असं आपण पोरांना दटावतो तेव्हा कुणाची भाषा बोलतो? आणि मग त्याच गॅरेजवाल्याकडून निर्दोष कामाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करतो?

याचा अर्थ त्याची चूक माफ, असा मात्र नाही. इथेच मला माझ्या जुन्या 'गप्प राहण्या'पासून वेगळं व्हायचं आहे. बिचारा गरीब आहे, शिकलेला नाही, आपला आहे, सोडून द्या, ही दया आहे. आणि दयेत समोरच्याला लहान धरलेलं असतं. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्याकडून आपण हिशेब मागतो. त्याच्या कामावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असतो, हे त्याला ठणकावून सांगणं हा त्याच्या कामाचा सन्मान आहे. आपण पंचशील घेतो, आर्य अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका पाठ म्हणतो. भगवान बुद्धांनी अखेरच्या क्षणी भिक्खूंना ज्या गुणाची आठवण दिली तो अप्पमाद, म्हणजे गाफील न राहणं. गॅरेजात अप्पमाद म्हणजे काय? नट आवळल्यावर पिन घातली का हे पुन्हा एकदा वाकून बघणं.

त्या दुपारी आम्ही तिघांनी बसून ठरवलं. ताईंच्या उपचाराचा खर्च निम्मा त्याने द्यायचा, निम्मा मी. शिलाईच्या बुडालेल्या सहा आठवड्यांची भरपाई मी द्यायची, कारण गाडी मी घाईने घेतली आणि तपासली नाही. हे वहीच्या कागदावर लिहिलं, तिघांनी सह्या केल्या. तो सही करताना खूश नव्हता. पुढचे दोन महिने माझ्याशी नीट बोललाही नाही. विहारात एक-दोघे म्हणाले, आपल्याच माणसाकडून लिहून घेतलंस? मी त्यांना म्हणालो, ताई कुणाच्या आहेत?

लिहून घेण्याबद्दल आपल्या लोकांत अढी आहे. तोंडी विश्वास म्हणजे आपुलकी आणि कागद म्हणजे संशय, असं वाटतं. जरा इतिहास आठवा. तोंडी व्यवहार नेहमी बलवानाच्या बाजूने झुकलेला असतो. वेठबिगारीचा करार बहुतेकदा कागदावर नसायचा. पाटलाचा शब्द हाच नियम होता. आपले हक्क कागदावर आले तेव्हा ते दाखवून भांडता येऊ लागलं. ज्या समाजाने संविधानाचं मोल ओळखलं त्याने साध्या कामाच्या चिठ्ठीला लाजावं कशाला? आणि चिठ्ठी मेकॅनिकलाही वाचवते. मी न सांगितलेलं काम बिघडलं तर त्याचा दोष त्याच्यावर येत नाही.

म्हणून या अनुभवातून जे शिकलो ते कार्यकर्त्यांसाठी सरळ सांगतो. आपण सगळे फटफटीवर गावोगाव फिरणारे लोक आहोत.

गाडी देताना काय बिघडलंय, काय काय करायचं, हे कागदावर लिहा, तारीख आणि किलोमीटरचा आकडा टाका, एक प्रत गॅरेजात ठेवा. 'सगळं बघून घे' असं म्हणू नका. त्या वाक्याचा अर्थ दोघांच्या डोक्यात वेगळा असतो. काम मध्येच वाढलं तर आधी फोन करून विचारा, असं सांगून ठेवा. बदललेले जुने पार्ट परत मागा. त्यावरून पार्ट खरंच बदलला का आणि बदलायची गरज होती का, दोन्ही कळतं. बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. मजुरी आधी ठरवा आणि ठरलेली पूर्ण द्या. आपल्या माणसाकडे आपुलकी दाखवायची असेल तर पैसे वेळेवर देऊन दाखवा, उधारी ठेवून नको.

गाडी घेताना मेकॅनिकसमोर पाच मिनिटं द्या. मागच्या चाकाचा एक्सल नट, ब्रेकची पट्टी आणि तिची पिन बघा. चेन मध्यावर बोटाने वर-खाली करून बघा; साधारण दोन-तीन सेंटीमीटर हलायला हवी, नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतो. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा लागतो का बघा. मग एक चक्कर मारा, सावकाश असताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. संध्याकाळी अंधार पडताना घाईने गाडी घेऊ नका. काम राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी बसने जा.

काम बिघडलं तर गाडी चालवत राहू नका आणि दुसऱ्याकडे खोलूही नका. फोटो काढा, त्याच दिवशी परत जा, शांतपणे दाखवा. पहिली संधी त्यालाच द्या. चूक सुधारली तर ते चारचौघांत सांगा, जसं चूक झाल्याचं सांगतो तसं.

आणि मोठ्या सर्व्हिस सेंटरशी गाठ असेल तर कायदा वापरा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेल्या सेवेतली उणीव हा तक्रारीचा विषय आहे. बिल न देणं हीसुद्धा त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. आपण मोर्चे काढतो, निवेदनं देतो, पण आपल्याच खिशातून गेलेल्या पैशासाठी हा दरवाजा ठोठावत नाही. एसीत बसवून चहा पाजणाऱ्यांना आपण सोडून देतो आणि पत्र्याच्या गॅरेजात शंभर रुपयांसाठी आवाज चढवतो. हे उलटं करायला हवं.

संघटनांसाठीही काम आहे. भीमजयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्याच्या एका तुकड्यात प्रत्येक वस्तीतल्या गॅरेजसाठी एक टॉर्क पाना येतो, म्हणजे नट किती जोराने आवळला हे दाखवणारा पाना. आयटीआयमधल्या एखाद्या निवृत्त निदेशकाला चार रविवार विहारात बोलावता येतं. दुरुस्तीच्या पुस्तकातली आवळण्याची कोष्टकं मराठीत करून भिंतीवर लावता येतात. 'शिका' हा आदेश फक्त पदवीपुरता आहे, असं बाबासाहेबांनी कुठे म्हटलं होतं? ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आपण त्यांना संविधानाचे शिल्पकार म्हणतो, कामगारांचे मंत्री म्हणून मात्र फार कमी आठवतो.

आमच्या वस्तीत मोठी क्रांती झालेली नाही. गॅरेजवाल्याने दिवाळीच्या आधी एक दिवस स्वतःहून हाक मारली. गल्ल्यात कार्बन घालून लिहायचं बिलबुक होतं. "तुमच्यासारखी किरकिरी गिऱ्हाईकं वाढलीत," म्हणाला. पिनांचा एक डबा वेगळा ठेवलाय, जुनी पिन परत घालायची नाही असं पोरालाही बजावलंय. तो पोरगा सोळा वर्षांचा आहे, नववीत शाळा सोडलेला. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकला दहावी लागते, म्हणून त्याचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय. गणितात तो अडकतो. गॅरेजवाला त्याला दुपारी दोन तास सोडतो, त्याचा पगार न कापता. पास होईल की नाही सांगता येत नाही. पण 'का' विचारलं तर पाना फेकून मारायचा नाही, एवढं त्या गॅरेजात ठरलंय.

मी त्याला आता 'तुम्ही' म्हणायला लागलो तर तो हसतो. म्हणून 'भाऊ' म्हणतो. तो अजून 'सर'च म्हणतो. ती सवय मोडायला वेळ लागेल, माझ्याकडूनही आणि त्याच्याकडूनही.

ताईंचा हात जुळला, पण थंडीत दुखतो. त्या पुन्हा माझ्या मागे गाडीवर बसतात. बसण्याआधी प्रत्येक वेळी वाकून मागची पिन बघतात. परवा गॅरेजसमोरच त्यांनी तसं केलं. मला अवघडल्यासारखं झालं. गॅरेजवाला मात्र हातातलं काम ठेवून आला, त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि पिनेची टोकं कोणत्या बाजूला वाकवायची ते त्यांना दाखवू लागला.

जय भीम!